सीमापार ऑनलाइन खरेदी-विक्री आणि कराचा हिशेब

पूर्वी परदेशांशी व्यापार म्हटला की बंदराजवळ पेढी असलेला आणि जहाजातून माल धाडणारा मोठा व्यापारी डोळ्यांपुढे येई. गेल्या काही वर्षांत हे चित्र पालटले आहे. ऑनलाइन बाजारपेठेमुळे कोल्हापूर जिल्ह्यातील कारागिराने हाताने शिवलेला चपलांचा एक जोड अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात राहणारे मराठी कुटुंब घरबसल्या मागवू शकते. त्याचप्रमाणे खेड्यातील एखादा शिक्षक परदेशातील दुकानातून दुर्बीण मागवू शकतो. मागणी नोंदविणे आणि पैसे भरणे ही कामे काही मिनिटांत होतात. माल मात्र पूर्वीप्रमाणेच देशाची सीमा ओलांडून जातो आणि सीमेवर कराचा हिशेब चुकत नाही.

या गोष्टीची तीव्र जाणीव २०२५ साली झाली. अमेरिकेने लहान पार्सलांना दिलेली शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून सर्व देशांसाठी थांबविली. शुल्क कोणी व कसे वसूल करावयाचे याची व्यवस्था तोवर झालेली नसल्याने भारतीय टपाल खात्याला २५ ऑगस्टपासून अमेरिकेकडे जाणाऱ्या बहुतेक पार्सलांची नोंदणी थांबवावी लागली. ही सेवा १५ ऑक्टोबर २०२५ रोजी पुन्हा सुरू झाली. दरम्यानचे आठवडे सणासुदीचे होते. टपालावर विसंबून असलेल्या लहान विक्रेत्यांना त्याची झळ लागली. एका देशाच्या करविषयक आदेशाचा परिणाम दुसऱ्या देशातील गावापर्यंत कसा पोहोचतो, याचे हे उदाहरण होय. म्हणूनच या व्यवहारातील करांचे स्वरूप समजावून घेणे आवश्यक ठरते.

कर कोणत्या राज्याचा?

वस्तू एका ठिकाणी तयार होते आणि दुसऱ्या ठिकाणी वापरली जाते. तिच्यावरील विक्रीकर कोणाला मिळावा, हा मूळ प्रश्न आहे. महाराष्ट्रातील अधिकाऱ्यांना तो नवा नाही. केंद्रीय विक्रीकर अधिनियम, १९५६ अन्वये एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकलेल्या मालावरील कर माल जेथून निघाला त्या राज्याला मिळत असे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि तत्त्व बदलले. आता तो कर माल जेथे पोहोचतो त्या राज्याकडे जातो.

आंतरराष्ट्रीय व्यापारातही साधारणपणे हेच तत्त्व पाळले जाते. निर्यातीच्या मालावर देशांतर्गत कराचा बोजा राहू नये आणि आयात मालावर देशातील मालाइतकाच कर बसावा, असा त्याचा अर्थ आहे. यासाठी भारतातील कायद्याने निर्यातीवर शून्य दराची तरतूद केली आहे आणि आयातीवर सीमाशुल्काबरोबर एकात्मिक वस्तू व सेवा कर आकारला जातो. तत्त्व सोपे असले तरी ते अमलात आणण्यासाठी प्रत्येक पार्सलाची नोंद, वर्गवारी आणि मूल्यनिर्धारण करावे लागते. अडचण तेथूनच सुरू होते.

लहान पार्सलांची सवलत व तिचा शेवट

शंभर रुपयांचा कर गोळा करण्यासाठी दोनशे रुपये खर्च होणार असतील, तर तो कर न घेणेच शहाणपणाचे. या साध्या व्यवहारी विचारातून अनेक देशांनी ठराविक मूल्याखालील मालाला शुल्कमाफी दिली. अमेरिकेत ही तरतूद १९३८ मध्ये झाली, तेव्हा मर्यादा अवघा एक डॉलर होती. १९९३ मध्ये ती २०० डॉलर आणि २०१६ मध्ये ८०० डॉलर करण्यात आली. ऑनलाइन विक्रेत्यांनी या सवलतीचा पुरेपूर उपयोग केला. मोठ्या पेट्यांतून माल आणून गोदामात साठविण्याऐवजी प्रत्येक ग्राहकाला स्वतंत्र लहान पार्सल पाठविले की शुल्क लागत नसे. २०२४ च्या वित्तीय वर्षात अमेरिकेत या सवलतीखाली आलेल्या पार्सलांची संख्या १३० कोटींच्या वर गेली. अपवाद म्हणून दिलेली सूट अशा रीतीने व्यापाराचा राजमार्ग बनली.

यात स्थानिक दुकानदारावर अन्याय होतो. तो भाडे देतो, कर भरतो आणि शुल्क भरून आणलेला माल विकतो. त्याच्याच गल्लीतील ग्राहक तोच माल परदेशातून बिनशुल्क मागवितो. शासनाचा महसूलही बुडतो. म्हणून एकामागून एक देशांनी ही सवलत आवरती घेतली. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०१८ पासून १,००० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतच्या मालावरही १० टक्के वस्तू व सेवा कर लागू केला. ब्रिटनने १ जानेवारी २०२१ पासून १३५ पौंडांपर्यंतच्या मालावरील मूल्यवर्धित कर विक्रीच्या वेळीच घेण्याची पद्धत सुरू केली. युरोपीय संघाने १ जुलै २०२१ पासून २२ युरोपर्यंतची मूल्यवर्धित कराची माफी रद्द केली.

या सर्व सुधारणांमध्ये एक गोष्ट समान आहे. कर गोळा करण्याची जबाबदारी सीमेवरील अधिकाऱ्याकडून हळूहळू विक्रेत्याकडे आणि ऑनलाइन बाजारपेठ चालविणाऱ्या कंपनीकडे सरकली आहे. पूर्वी पार्सल पोहोचल्यावर हिशेब होत असे. आता तो मागणी नोंदविताना किंवा पार्सल निघण्यापूर्वी व्हावा लागतो.

अमेरिकेतील राज्यांचा विक्रीकर

अमेरिकेची व्यवस्था आणखी गुंतागुंतीची आहे. तेथे सीमाशुल्क संघशासन घेते, परंतु आपल्यासारखा देशभर एकच वस्तू व सेवा कर नाही. ४५ राज्यांत राज्यपातळीवरील विक्रीकर आहे, पाच राज्यांत नाही. राज्यात दुकान किंवा कचेरी नसलेल्या विक्रेत्याला तो वसूल करण्यास भाग पाडता येत नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये दिला होता. २१ जून २०१८ रोजी साउथ डकोटा राज्य विरुद्ध वेफेअर या खटल्यात न्यायालयाने तो फिरविला. विक्री ठराविक प्रमाणाबाहेर गेली की बाहेरच्या विक्रेत्यावरही राज्याला ही जबाबदारी टाकता येते.

परिणामी चपलांचा तोच जोड कॅलिफोर्नियात विकला तर विक्रीकर लागतो, न्यू जर्सीत नेहमीच्या कपड्यांना व पादत्राणांना तो माफ आहे आणि ऑरेगन राज्यात राज्याचा विक्रीकरच नाही. मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेमार्फत विक्री झाल्यास हा हिशेब बहुधा तीच कंपनी करते. स्वतःच्या संकेतस्थळावरून माल विकणाऱ्याने मात्र तो स्वतः पाहावयाचा असतो.

परदेशातून वस्तू मागविताना

भारतात माल मागविणाऱ्याची नेहमीची चूक अशी की, तो वस्तूची छापील किंमत पाहतो आणि शुल्कही तेवढ्याच रकमेवर लागेल असे समजतो. प्रत्यक्षात आकारणी वस्तूची किंमत, वाहतूकखर्च व विमा यांच्या बेरजेवर होते. समजा, वस्तूची किंमत १०,००० रुपये आणि वाहतूक व विमा २,००० रुपये आहे. मूळ सीमाशुल्काचा दर २० टक्के, त्या शुल्कावर समाजकल्याण अधिभार १० टक्के आणि वस्तू व सेवा कर १८ टक्के धरू. हे दर केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. प्रत्यक्ष दर वस्तूनुसार व आयातीच्या प्रकारानुसार निरनिराळे असतात.

आकारणीयोग्य मूल्य १२,००० रुपये झाले. त्यावर शुल्क २,४०० रुपये आणि अधिभार २४० रुपये. या तिन्हींची बेरीज १४,६४० रुपये होते आणि वस्तू व सेवा कर या बेरजेवर लागतो. तो २,६३५ रुपये २० पैसे येतो. म्हणजे दहा हजारांच्या वस्तूसाठी एकूण १७,२७५ रुपये २० पैसे मोजावे लागतात. शुल्कावरही कर लागतो, ही बाब विद्यार्थ्यांना शेकडेवारी शिकविताना या उदाहरणाने सहज पटवून देता येईल.

‘भेटवस्तू’ असे लिहिले की शुल्क लागत नाही, हाही एक रूढ गैरसमज आहे. भेटवस्तूंना पूर्वी असलेल्या सवलतीचा ऑनलाइन खरेदीसाठी दुरुपयोग होऊ लागल्याने केंद्र शासनाने डिसेंबर २०१९ मध्ये टपाल व कुरियरने येणाऱ्या भेटवस्तूंची शुल्कमुक्त आयात बंद केली. प्राणरक्षक औषधे आणि राखी एवढेच अपवाद ठेवण्यात आले. परदेशातील बहिणीची राखी विनाशुल्क येऊ शकते, परंतु तिच्यासोबतच्या इतर भेटीला ही माफी नाही. काही वस्तू तर शुल्क भरूनही आणता येत नाहीत. ई-सिगारेटवर २०१९ पासून बंदी आहे आणि तयार ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ मध्ये, काही ठराविक प्रयोजने वगळता, मनाई करण्यात आली.

गावातून माल पाठविताना

विक्रीसाठी माल परदेशी पाठवू इच्छिणाऱ्या कारागिराला प्रथम विदेश व्यापार महासंचालनालयाकडून आयात-निर्यात संकेतांक घ्यावा लागतो. टपाल खात्याने देशभर हजाराहून अधिक डाकघर निर्यात केंद्रे उघडली असून तेथे निर्यातीची कागदपत्रे संगणकावर भरता येतात. या कागदपत्रांत पुढील बाबींना विशेष महत्त्व आहे.

पहिली बाब वर्गवारीची. १ जानेवारी १९८८ पासून अमलात आलेल्या जागतिक वर्गीकरणात प्रत्येक वस्तूला सहा अंकी संकेतांक आहे. चामड्याचा तळ आणि पावलावरून व अंगठ्याभोवती चामड्याचे पट्टे असलेल्या पादत्राणांचा वर्ग त्यात ६४०३.२० असा स्वतंत्र दिला आहे. कोल्हापुरी चप्पल त्यात चपखल बसते. केवळ ‘चप्पल’ किंवा ‘हस्तकला’ असे मोघम लिहिल्यास पार्सल अडकण्याचा किंवा चुकीचा दर लागण्याचा संभव असतो.

दुसरी बाब मूळ देशाची. वस्तू कोठून पाठविली यावर नव्हे, तर ती कोठे तयार झाली यावर शुल्काचा दर ठरतो. चीनमध्ये बनलेला दिवा पुण्याहून पाठविला तरी तो भारतीय ठरत नाही. तिसरी बाब मूल्याची. ग्राहकाचे शुल्क वाचविण्यासाठी किंमत कमी दाखविणे हा दोन्ही देशांत गुन्हा आहे. शिवाय पार्सल गहाळ झाल्यास भरपाईचा विचार घोषित मूल्यावरच होतो.

चौथी बाब सर्वांत महत्त्वाची. शुल्क भरणार कोण, हे आधी ठरले पाहिजे. ते ग्राहकाने भरावयाचे असेल आणि त्याला त्याची कल्पना नसेल, तर तो दारी आलेले पार्सल नाकारतो. मग परतीचा खर्च विक्रेत्याच्या माथी बसतो आणि परत आलेला माल आपल्याकडे पुन्हा आयात म्हणून गणला जातो. तोच माल आधी निर्यात केल्याचा पुरावा असल्यास शुल्कात सवलत मिळते. म्हणून पावती व निर्यातपत्र जपून ठेवावे. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेची टपालसेवा सुरू झाली ती शुल्क आधीच भरण्याच्या पद्धतीने. त्या वेळी घोषित मूल्याच्या ५० टक्के शुल्क पार्सल नोंदवितानाच घेतले जाऊ लागले. असे दर एका आदेशाने बदलतात. तेव्हा किंमत ठरविण्यापूर्वी त्या दिवसाचा दर टपाल कार्यालयात विचारून घेणे हाच सुरक्षित मार्ग होय.

स्थानिक पातळीवर करावयाचे कार्य

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सोलापूर व सातारा हे चार आणि कर्नाटकातील चार जिल्हे तिच्या कक्षेत येतात. नावाला संरक्षण मिळाले, तरी पार्सलावरील चार ओळी चुकल्या तर हाताने केलेले काम ग्राहकापर्यंत पोहोचत नाही. ग्रामपंचायतींनी जवळच्या डाकघर निर्यात केंद्राची माहिती सूचनाफलकावर लावणे, बचतगटांच्या सभेत टपाल अधिकाऱ्यांना बोलावून अर्जाचा नमुना प्रत्यक्ष भरून दाखविणे आणि वाणिज्य विषयाच्या शिक्षकांनी वरीलप्रमाणे हिशेबाची उदाहरणे वर्गात घेणे, ही कामे फारशा खर्चाशिवाय होऊ शकतात. वस्तू कोणत्या वर्गातील, कोठे बनलेली, किती मूल्याची आणि शुल्क कोणाचे, या चार प्रश्नांची उत्तरे पार्सल बांधण्यापूर्वी तयार असली, तर परदेशी बाजारपेठ लहान कारागिराच्याही आवाक्यात राहील.