जुन्या वस्तूंची ऑनलाइन विक्री आणि ओले धान्य

जुना मोबाइल, शिलाई मशीन किंवा सायकल विकत घेऊन ती ऑनलाइन विकणे आणि संसाराला हातभार लावणे मुळात वैध आहे. कुरआनने व्यापार हलाल ठरविला आहे (2:275). प्रश्न आहे तो वस्तूच्या खऱ्या वर्णनाचा.

सहीह मुस्लिममधील हदीसनुसार प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा बोटांना ओलावा लागला. धान्य पावसाने भिजल्याचे विक्रेत्याने सांगताच, ते लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यापैकी नाही, असे बजावले.

ऑनलाइन ग्राहकाला राशीत हात घालता येत नाही. त्याच्यासमोर केवळ छायाचित्र व वर्णन असते. म्हणून लवकर उतरणारी बॅटरी, बदललेली स्क्रीन, मशीनचा दुरुस्त केलेला भाग हे आरंभीच लिहावे. ओरखड्याचेही छायाचित्र द्यावे. लपविलेला दोष आढळल्यास वस्तू परत करण्याचा अधिकार फिक्हने ग्राहकाला दिला आहे. त्यास ‘खियारुल-ऐब’ म्हणतात.

दुसरी मर्यादा ताब्याची. हजरत हकीम बिन हिजाम (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) आपल्यापाशी नसलेली वस्तू विकण्यास मनाई केली. तेव्हा दुसऱ्याच्या जाहिरातीतील छायाचित्र उचलून, वस्तू हाती येण्यापूर्वीच तिचा सौदा करू नये.

याच हकीम (रजि.) यांच्या कथनानुसार, खरे बोलून दोष उघड केल्यास व्यवहारात बरकत येते, लपविल्यास ती नष्ट होते. दोष सांगितल्याने दोनशे रुपये कमी मिळतील. पण मुलांच्या मुखी जाणारा घास हलाल राहील.