‘पकडी छे, जा!’

‘पकडी छे, जा!’ (धरलंय, जा!) हे तीन गुजराती शब्द कानावर पडले की अजून माझ्या हातातलं काम थांबतं. परवा खात्यात एक पोरगा दुसऱ्याला शिडीवर चढवताना हेच म्हणाला आणि मी धावत जाऊन स्वतः शिडी धरली. दोघं माझ्याकडे बघतच राहिले.

लेक तेव्हा नऊ वर्षांची होती, जिम्नॅस्टिक्सचं तिसरं वर्ष. जमिनीवरचा बॅक वॉकओव्हर तिला झोपेतून उठवून सांगितला असता तरी जमला असता. अडत होता तो बीमवरचा. पाच मीटर लांब, दहा सेंटिमीटर रुंद, जमिनीपासून सव्वा मीटर उंच. आमच्या धंद्यातही बीमच असतो. सुरतमधल्या पांडेसऱ्याला लूम्सच्या खात्यात मी मास्टर आहे, ताण्याचे बीम चढवणं-उतरवणं हेच माझं रोजचं काम. पण पोरीचा बीम तिच्या कपाळाएवढा उंच होता. त्यावर ती उभी राहिली की तिचे डोळे जमिनीपासून जवळजवळ अडीच मीटरवर. तिथून मागे वाकायचं आणि जी दहा सेंटिमीटरची पट्टी अजून दिसलेलीच नाही, तिच्यावर हात टेकायचे. घाबरणार नाही तर काय? हे शहाणपण आजचं. तेव्हा बाकावर बसून मीच ओरडत होतो, ‘जा ना बेटा, काही होत नाही!’

तिच्या वर्गातल्या सरांची पद्धत अशी: जी मुलगी ‘नाही’ म्हणेल तिने वर्ग सुटेपर्यंत बीमवर उभं राहायचं, आणि बाकीच्यांनी खालून ‘बीकण, बीकण’ (घाबरट) म्हणायचं. सगळं हसतखेळत, म्हणजे हसणारे खाली आणि वर एक पोर. भिंतीवर जिम्नॅस्ट दीपा कर्माकरचं पोस्टर होतं. कुणी अडलं की सर तिकडे बोट दाखवायचे. दीपावर भागलं नाही तर वडोदऱ्याच्या शौर्यजीत खैरेचा दाखला. २०२२च्या नॅशनल गेम्समध्ये, वडील जाऊन काही दिवसच झाले असताना, दहा वर्षांच्या त्या मुलाने मल्लखांबात ब्राँझ मिळवलं, हे खरंच आहे. ऐकून माझेही डोळे भरले होते. पण एका लेकराचं दुःख दुसऱ्या लेकराला टोचायला वापरायचं, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. खटकलं नाही. मी मान डोलावत होतो.

एका मंगळवारी ती पडली. डाव्या मनगटाजवळचं हाड दबलं, चार आठवडे प्लॅस्टर. सर म्हणाले, ‘खेळात होतं, भाऊ.’ मीही म्हटलं, हो सर, होतं. एवढंच नाही, बर्फ लावलात म्हणून मी त्यांचे आभार मानले. आजही रात्री झोप लागत नाही ती पोरीच्या पडण्याने नाही, त्या आभारांनी.

मग आठवड्याने दुसऱ्या एका मुलीच्या आईने मला क्लिप पाठवली. तिने स्वतःच्या मुलीसाठी काढलेली, मागे आमची पोर आलेली. सात सेकंद. मी ती जेवणाच्या सुट्टीत खात्याबाहेर, भिंतीच्या सावलीत उभा राहून बघितली, मग थांबवत थांबवत बघितली. सरांचा हात तिच्या पाठीखाली आहे. ती मान वळवून आधी हात बघते, मग सरांचा चेहरा बघते. ओठांवरून कळतं, ती काहीतरी विचारतेय. सर म्हणतात, ‘पकडी छे, जा!’ ती डोळे मिटून मागे वाकते. आणि हात मागे जातो, सावकाश, आणि सरांच्या स्वतःच्या कमरेवर जाऊन टेकतो. हात निसटला नव्हता. काढून घेतला होता.

विचारायला गेलो तर नाकारलंही नाही त्यांनी. म्हणाले, ‘ऐसे ही तो निकलता है डर, भाऊ. हात है समझके कर लेगी, बाद में बोलूंगा कि हात था ही नहीं. कॉन्फिडन्स आ जाएगा.’ सायकल शिकवताना मागचं कॅरिअर सोडतो, तसं. अहो, सायकलवर पोराचं डोकं वर असतं आणि पाय जमिनीला पोचतात! शिवाय या हिशेबात एक खोट आहे, ती त्यांना मी समजावू शकलो नाही. पोर पडली तर तिला कळतं की सर खोटं बोलले. पोरीला जमलं तरी तिला तेच कळतं. पुढच्या वेळी ‘पकडी छे’ म्हटलं की ती काय समजेल? त्यावर ते हसले आणि बाजूच्या पालकांना म्हणाले, पप्पा बहु सेन्सिटिव्ह छे. ते वाक्य पुढे पालकांच्या ग्रुपवर फिरलं. मी बावीस वर्षं चालू मशीनच्या मध्ये काम करतोय. सेन्सिटिव्ह!

पण खरं काय मोडलं होतं ते मला उत्तरायणला कळलं. प्लॅस्टर निघून महिना झाला होता. टाकीच्या गच्चीवरून लोखंडी शिडीने पोरं उतरत होती. लेक शेवटच्या तीन पायऱ्यांवर अडली. मी खालून दोन्ही हातांनी तिला कमरेला धरलं आणि म्हटलं, ‘धरलंय, सोड.’ तिने शिडी आणखी घट्ट पकडली. ‘पप्पा, खरंच धरलंय ना? सोडणार नाही ना?’ जन्मल्यापासून या हातांत खेळलेली पोर. माझी आई वर उभी होती, ती तिथूनच मला ओरडली, ‘पोरले कसाले भेव दाखाडस रे?’ मी कुठे भीती दाखवत होतो?

मी शिरपूर तालुक्यातला. आमच्या शाळेत पुरलेला मल्लखांब होता आणि ड्रिलचे सर होते, हाताने चांगलेच फटके देणारे. त्यांचं कौतुक करावं असं फार नाही. पण एक होतं: आधार काढताना ते मोठ्याने म्हणायचे, ‘सोडतो रे!’ आणि आपण ‘हां’ म्हटल्याशिवाय हात काढायचे नाहीत. हे मला चाळीस वर्षांनी आठवलं, तेही पोर पडल्यावर.

आता ज्यांची मुलं असल्या वर्गाला जातात त्यांच्यासाठी. पहिली गोष्ट, प्रशिक्षकाचा हात बघू नका, नजर बघा. बारा पोरी आणि एक सर असतील तर हात एकीकडे आणि डोळे दुसरीकडे असणारच. ज्याचे डोळे पोरीवर नाहीत त्याचा हात असून नसल्यासारखा. दुसरं, नाव घालायच्या आधी एकच प्रश्न विचारा: ‘मुलगी आज नाही म्हणाली तर तुम्ही काय करता?’ उत्तरात बैठका, फेऱ्या किंवा चिडवणं आलं तर उठा. चांगला माणूस सांगेल की एक पायरी खाली येतो. जमिनीवर खडूची रेघ, मग जमिनीलगतचा बीम, मग उंच बीमखाली गाद्यांची थप्पी, मग एकेक गादी कमी. या पायऱ्या त्याला तोंडपाठ असल्या पाहिजेत. लेकीच्या सरांकडे खालचा बीम होता. त्यावर बॅगा ठेवलेल्या असायच्या.

काल येत असलेलं आज येईनासं झालं तर पोरीला ढोंगी म्हणू नका. उंची झपाट्याने वाढते तेव्हा शरीराचा अंदाज चुकतो. कधी डोक्यातच गाठ बसते. टोकियो ऑलिंपिकमध्ये सिमोन बाइल्सला तेच झालं. सांघिक अंतिम फेरीत व्हॉल्टवर अडीच पीळ घ्यायचे होते, दीडच झाले. हवेत आपण कुठे आहोत हे तिला कळेना. ती बाहेर पडली आणि तिच्या प्रशिक्षकांनी तिला परत ढकललं नाही. आठवड्याने, ३ ऑगस्ट २०२१ला, बीमवरून उतरतानाची उडी बदलून, त्यातला पीळच काढून टाकून तिने ब्राँझ घेतलं. उलट टोकाची गोष्ट एलेना मुखिनाची. १९७८ची विश्वविजेती. एका उडीची तिला भीती होती, मान मोडेल असं तिने प्रशिक्षकाला सांगितलंही होतं. १९८०मध्ये मॉस्को ऑलिंपिकच्या तोंडावर सरावात त्याच उडीत मान मोडली आणि ती आयुष्यभरासाठी अंथरुणाला खिळली. घाबरट म्हणावं अशी ती नव्हतीच. तिचा अंदाज बरोबर होता.

आणि दीपाचं पोस्टर दाखवणाऱ्यांना सांगा की पोस्टरच्या मागचंही वाचा. प्रोदुनोव्हा हा जगातला सर्वांत धोक्याचा समजला जाणारा व्हॉल्ट, तो घेऊन ती रिओ ऑलिंपिकमध्ये १५.०६६ गुणांवर चौथी आली, ब्राँझ ०.१५०ने हुकलं. पण त्याआधी आगरतळ्यात तिच्या प्रशिक्षकांनी, बिश्वेश्वर नंदींनी, गाद्या रचून, जुन्या स्कूटरचे सुटे भाग वापरून साधनं उभी केली, तेव्हा कुठे ती उडी बसली. साधन नव्हतं तर त्यांनी साधन जुळवलं. आमच्या इथे साधन होतं, त्याचा बॅगा ठेवायला उपयोग होत होता.

बाकी नेहमीचंच. पोराला नीट झोपू द्या, रिकाम्या पोटी पाठवू नका. पालकांना आत बसू देत नसतील तिथे घालू नका. घरी येताना गाडीवर ‘आज जमलं का?’ हा पहिला प्रश्न नको. हे मी स्वतः करायचो, रोज. तीन महिन्यांची फी आगाऊ भरू नका. माझी अजून परत आलेली नाही. पावती जपून ठेवली आहे, कशासाठी ते माहीत नाही. एवढं मात्र नक्की सांगतो: पोराने हात तपासून बघितला, चेहरा बघितला, दोनदा विचारलं, तर ते वेळकाढूपणा करत नसतं. आमच्या खात्यात नवीन कारीगर चालू मागात हात घालायच्या आधी दोनदा विचारतो, त्याला मी ठेवून घेतो. न विचारणाऱ्याला मी घाबरतो.

लेक आता दुसरीकडे जाते. घरापासून लांब, दोन बस बदलून. तिथल्या मॅडमनी पहिला दीड महिना तिला उंच बीमला हातच लावू दिला नाही. खडूची रेघ आणि खालचा बीम. मला कंटाळा आला होता, तिला नाही. मॅडम पाठीखाली हात घेतात तेव्हा ‘आहे’ म्हणतात आणि काढताना ‘काढते’ म्हणतात, आणि लेक मान हलवेपर्यंत थांबतात. सध्या उंच बीमखाली तीन गाद्या आहेत. गेल्या शनिवारी ती स्वतःच म्हणाली, एक काढा. काढली. एकदा केलं, नीट झालं. उतरल्यावर थोडा वेळ बीमकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, ‘मॅडम, परत ठेवा.’ मॅडमनी गादीचं एक टोक उचललं, दुसरं तिने.

मी बाकावर होतो. काही बोललो नाही.