विंचचा दोर आणि घसाऱ्याचे खाते

हिशेबशास्त्राच्या तासाला घसारा शिकवतात तेव्हा फळ्यावर एक यंत्र असते. त्याची किंमत १ लाख रुपये, आयुष्य १० वर्षे आणि भंगाराची किंमत १० हजार. ९० हजारांना दहाने भागले की उदाहरण सुटते आणि गुणही मिळतात. फळ्यावरच्या त्या यंत्राला चिखल कधी लागत नाही, ते पाण्यात कधी बुडत नाही. मीही अशी उदाहरणे पुष्कळ सोडवली आहेत. पण घसारा म्हणजे काय हे मला वर्गात कळले नाही. ते कळले खानापूरकडच्या एका ओढ्याच्या काठावर, आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या हाताने चुकती केली.

माझ्या थोरल्या भावाला गाड्यांचे वेड. त्याने एक जुनी मारुती जिप्सी घेतली आणि उद्यमबागेतल्या एका शेडमध्ये तिच्यावर काम सुरू केले. काम करणारे मिस्त्री कन्नड भाषिक. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. माझे शिक्षण मराठी शाळेत झाले, पण माझी बरीचशी कन्नड याच शेडमधली. मी कॉमर्सचा म्हणून खर्चाची वही माझ्याकडे आली. प्रस्तुत लेख त्या वहीतून निघाला आहे.

ही स्पर्धा काय असते?

विंच म्हणजे गाडीच्या पुढे बसवलेला दोर गुंडाळणारा रहाट. अमेरिकेत वॉर्न कंपनीने १९५९ साली हौशी वाहनचालकांसाठी विजेवर चालणारा विंच आणला आणि चिखलात रुतलेली गाडी बैलांशिवाय बाहेर काढण्याची सोय झाली. पुढे या सोयीचीच स्पर्धा झाली. ब्रिटनमधील 'विंच चॅलेंज'मध्ये चाकांच्या जोरावर पोहोचता येणार नाही अशा चढावर, खड्ड्यात किंवा ओढ्यात ठिकाणे नेमून दिलेली असतात. तिथवर गाडी नेऊन कार्डावर छिद्र पाडून आणले की गुण मिळतात. मलेशियात १९९७ साली 'रेनफॉरेस्ट चॅलेंज' सुरू झाली, तीही ऐन पावसाळ्यात. तिची भारतातली फेरी २०१४ साली गोव्यात भरली. चोर्ला घाट उतरला की आम्ही बेळगावकर गोव्यात. तेव्हा हे वेड इकडे चढून यायला वेळ लागला नाही.

एक जण गाडी चालवतो. दुसरा जोडीदार दोर घेऊन चिखलातून पुढे धावतो, झाडाला किंवा खडकाला बांधतो आणि खूण करतो. पाहणाऱ्याला वाटते की जिंकतो तो चालक. वही लिहिणाऱ्याला वेगळे दिसते.

ओढीचा हिशेब

आमच्या विंचवर ४,३०० किलो ओढण्याची क्षमता लिहिलेली आहे. गाडीच्या भरल्या वजनाच्या निदान दीडपट क्षमतेचा विंच घ्यावा असा साधारण नियम आहे. आमची जिप्सी सामानासह सुमारे १,६०० किलो भरते. म्हणजे २,४०० किलोचाही विंच पुरला असता. आमच्याकडे तर भरपूर आहे, असे मला वाटले होते. दिसते तसे नसते, ते असे.

लष्करी वाहने ओढून काढण्यासाठी एक ठोकताळा वापरतात. चाके बुडेपर्यंत गाडी रुतली तर तिच्या वजनाइतकी ओढ लागते; मडगार्डपर्यंत रुतली तर दुप्पट. चढ असेल तर दर अंशाला वजनाचा साठावा हिस्सा आणखी. आता आमची गाडी मडगार्डपर्यंत रुतली आहे आणि पुढे १५ अंशांचा चढ आहे असे धरा. चिखलाचे ३,२०० आणि चढाचे ४०० मिळून ३,६०० किलो ओढ हवी. ४,३०० मधून ती भागते, असे वाटेल.

पण ४,३०० हा आकडा ढोलावरच्या दोराच्या पहिल्या थरापुरता खरा असतो. मोटारचा पीळ तेवढाच राहतो. थरांवर थर चढले की ढोल जाड होतो आणि ओढ घटते. ढोलाची त्रिज्या ३२ मिलिमीटर आणि दोर ८ मिलिमीटर जाडीचा असेल, तर पहिल्या थराच्या मध्यापर्यंतचे अंतर ३६ होते. थर एकमेकांवर सरळ बसले असे धरले तर चौथ्या थराला तेच ६० होते. ३६ भागिले ६० म्हणजे ०.६, आपले ४,३०० किलो २,६०० च्या घरात आले! झाड अगदी जवळ आहे म्हणून थोडाच दोर सोडून बटण दाबणाऱ्याची फसगत इथे होते.

यावर उपाय दोन. एक, लांबचे झाड निवडून जास्त दोर सोडायचा. दुसरा, झाडाला कप्पी बांधून दोर तिच्यावरून परत गाडीला आणायचा. ओढ जवळजवळ दुप्पट होते आणि वेग निम्मा होतो. मात्र कप्पी ज्या झाडाला आहे त्यावर भारही दुप्पट पडतो, म्हणून झाड जाडजूड पाहायचे आणि त्याला रुंद पट्टा लावायचा. नुसता दोर गुंडाळला तर साल कापली जाते. झाड आपल्या मालकीचे नसते, हे भान ठेवलेले बरे.

विजेचा जमाखर्च

पूर्ण भार आला की असा विंच १२ व्होल्टवर ४०० अँपिअरच्या आसपास वीज खेचतो. साध्या गाडीचा आल्टरनेटर देतो ५० ते ६०. एक मिनिट दोर ओढला तर बॅटरीतून साधारण पावणेसात अँपिअर-तास गेले. ते भरून यायला ५५ अँपिअरच्या आल्टरनेटरला सात मिनिटांहून जास्त वेळ हवा. मिळकत ५५ आणि खर्च ४०० असे कुटुंब शिलकीवर किती दिवस चालेल? म्हणून इंजिन चालू ठेवायचे, थोडे ओढायचे, थांबायचे, मोटारला हात लावून पाहायचे. मोठा आल्टरनेटर, दुसरी बॅटरी, जाड केबल आणि वीज एकदम तोडणारा खटका हे बदल दिखाऊ नाहीत, पण सर्वांत आधी करावयाचे आहेत.

बदल कोणते, आणि कोणत्या क्रमाने

भारतात १९८५ साली आलेल्या जिप्सीला पुढे-मागे सलग अ‍ॅक्सल आणि चारही बाजूंना पाटे. गाडी हलकी आणि रचना सोपी, म्हणून या खेळात ती टिकली. दादाने सुरुवात केली ती मोठ्या टायरांपासून, आणि बहुतेकांची सुरुवात तीच असते. पण चाक मोठे झाले की गिअरची ओढ कमी पडते आणि अ‍ॅक्सलच्या दांड्यावर ताण वाढतो. टायर सोसला, दांडा मोडला. त्यानंतर अण्णांनी क्रम लावून दिला. आधी जीव वाचवणारे: पोलादी नळ्यांचा पिंजरा, पट्टे, आग विझवण्याचे नळकांडे. मग ओढण्याचे: विंच, त्याची मजबूत बैठक, वीज. मग पाण्यापासून बचाव. आणि शेवटी टायर व डिफरन्शियलचे लॉकर. साधे डिफरन्शियल एक चाक अधांतरी झाले की ते नुसते फिरवत बसते आणि जमिनीवरच्या चाकाला ओढ मिळत नाही. लॉकर दोन्ही चाकांना एकत्र बांधतो.

पाण्यापासून बचाव म्हणजे फक्त छतापर्यंत नेलेली हवेची नळी नव्हे. ती नळी हवीच. इंजिनात पाणी शिरले तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पण तापलेले अ‍ॅक्सल थंड ओढ्यात बुडते तेव्हा आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढले जाते. त्यासाठी अ‍ॅक्सलच्या व गिअरबॉक्सच्या श्वासनळ्या वर बॉनेटपर्यंत न्याव्या लागतात. रबरी नळीचे दोन-चार तुकडे हजारो रुपयांचे बेअरिंग वाचवतात.

एक कायदेशीर बाबही वाचकांनी लक्षात घ्यावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ बाबत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये निर्णय दिला. उत्पादकाच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करून ते वाहन रस्त्यावर चालवता येत नाही, असा त्याचा आशय आहे. म्हणून आमची गाडी शेडमधून मैदानावर जाते ती ट्रकवर चढून.

ओढ्याच्या काठी

आता मुख्य गोष्ट. जून २०२३ मध्ये आम्ही सरावाला गेलो. त्याआधीच्या खेपेला आमच्या पोलादी दोराला एका जागी मुरड पडली होती आणि दोन-चार तारा तुटून वर आल्या होत्या. अण्णांनी तो दोर मला दाखवून सांगितले होते, "तम्मा, हा बदल." मी वही पाहिली. नव्या दोराचे १४ हजार होत होते आणि त्या महिन्यात टायरचा हप्ता होता. जुना दोर घेऊन दोनच वर्षे झाली होती. माझ्या तक्त्यात त्याचे आयुष्य पाच वर्षे धरलेले होते. मी अण्णांच्या सूचनेपुढे लिहिले: 'पुढील तिमाहीत'.

गाडी ओढ्यात रुतली होती आणि दोर ताणलेला होता. अण्णांनी शिस्तीप्रमाणे दोरावर ओले पोते टाकले, सगळ्यांना मागे हटवले आणि स्वतः बाजूला होऊ लागले. त्याच वेळी दोर मुरडीच्या जागी तुटला. पोत्यामुळे बराचसा दोर जमिनीवर आदळला. पण शेपूट फिरले आणि अण्णांच्या डाव्या हातावर बसले. दोन बोटांची हाडे मोडली. ते ओरडलेसुद्धा नाहीत. नुसते खाली बसले, आणि दादा धावत त्यांच्याकडे गेला. मी वही काखेत धरून उभा होतो.

दोन महिने अण्णा कामावर नव्हते. दवाखान्याचा खर्च आणि त्यांची मजुरी दादाने दिली, आणि ती मी वहीत लिहिली. वाचवलेल्या १४ हजारांच्या किती पट रक्कम झाली ते इथे लिहीत नाही, कारण प्रश्न पटीचा नाही. बोट पूर्वीसारखे मिटत नाही, ही नोंद कोणत्या खात्यात घालायची?

वापराचा घसारा

त्यानंतर मी वहीची पद्धत बदलली. स्थिर हप्त्याने काढा किंवा घटत्या शिलकेवर काढा, दोन्ही पद्धतींत घसारा वर्षांनी मोजला जातो. दोराला वर्षे कळत नाहीत. त्याला किती वेळा ताण आला, किती वाळू घासली, कुठे मुरड पडली, एवढेच कळते. म्हणून आता प्रत्येक भागापुढे 'किती खेपा झाल्या' आणि 'डोळ्यांनी काय पाहिले' असे दोन रकाने आहेत. प्रत्येक खेपेनंतर ठरलेली रक्कम दुरुस्ती-निधीत जाते. तिला टायरसाठी हात लावता येत नाही.

खेप संपली की त्याच रात्री आम्ही हे करतो:

१. गाडी धुताना रेडिएटरच्या जाळीतला चिखल मागच्या बाजूने पाणी मारून काढणे, नाहीतर पुढच्या खेपेला इंजिन तापते. ब्रेकच्या ड्रममधलाही काढणे.

२. अ‍ॅक्सल व गिअरबॉक्सचे तेल थोडे काढून पाहणे. ते ताकासारखे पांढरट दिसले तर पाणी शिरले आहे. तेल बदलायचे आणि सील तपासायचे.

३. प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला ग्रीस भरणे, जुने गढूळ ग्रीस बाहेर येईपर्यंत.

४. पूर्ण दोर सोडून हाताखालून घालणे. आम्ही आता कृत्रिम धाग्याचा दोर घेतला आहे. तो हलका असतो आणि तुटला तरी पोलादाइतका उसळत नाही. पण त्याचेही शत्रू आहेत: धार, ऊन, उष्णता आणि पेडांत शिरलेली वाळू. म्हणून स्वच्छ पाण्यात धुऊन सावलीत वाळवायचा. पोलादी दोराने खरवडलेल्या जुन्या रोलरवरून तो कधीही चालवायचा नाही. पोलादी दोर असेल तर हातमोजे घालूनच धरायचा.

५. दोर थोड्या ताणाखाली, वेढ्याला वेढा लावून परत गुंडाळणे. ओढताना ढोलावर निदान पाच वेढे राहिलेच पाहिजेत, कृत्रिम दोराचे आठ-दहा.

६. हे सर्व पाहून झाल्यावर वही लिहिणे. आधी नाही.

अण्णा परत कामावर आले तेव्हा मी माफी मागायला गेलो. त्यांनी माफीचे काही काढले नाही. नवा दोर माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "मोदलु नोडु, आमेले बरी." आधी बघ, मग लिही. तेव्हापासून दर खेपेनंतर दोर तपासण्याचे काम माझे आहे. गेल्या पावसाळ्यात एका लहान स्पर्धेत आमची गाडी मधल्या कुठल्यातरी क्रमांकावर आली. परत येताना मात्र ती स्वतःच्या चाकांवर ट्रकमध्ये चढली, आणि गेली तितकी माणसे धडधाकट परत आली. वहीत मी ते जमेच्या बाजूला लिहिले आहे.

आपल्यापैकी पुष्कळ जण उद्या कोणाच्या तरी कारखान्याचे, गिरणीचे, ट्रॅक्टरचे हिशेब लिहिणार आहेत. तिथला मिस्त्री एखादा भाग हातात घेऊन 'हा बदला' म्हणेल, आणि आपल्या तक्त्यात त्याचे आयुष्य अजून तीन वर्षे शिल्लक असेल. त्या वेळी खुर्चीवरून उठून तो भाग पाहून यावा, एवढीच माझी सहाध्यायांना विनंती आहे.