फांदी देताना नावही द्या

रविवारी विहारात वंदना आटोपली की चपला काढायच्या जागेवर आता एक दुसराच बाजार भरतो. कोणी ओल्या फडक्यात गुंडाळलेली मनी प्लांटची वेल काढते, कोणी वर्तमानपत्रात बांधलेली गुलाबाची काडी, कोणी दुधाच्या रिकाम्या पिशवीत कोरफडीचे पिल्लू. पैशाचा व्यवहार नाही. "तुझी लाल पानांची दे, मी तुला मोगरा देते," एवढाच करार. घर दहा बाय बाराचे, अंगण नाही. पण पायरीवर, पत्र्यावर, खिडकीच्या गजाला रंगाचे डबे आणि तेलाचे कॅन टांगून आपल्या बायकांनी झाडे वाढवली आहेत. आम्हीही त्यातल्याच. आमच्या गॅलरीत चौतीस डबे आहेत, त्यातली विकत आणलेली झाडे फक्त दोन.

तेव्हा झाडे लावू नका असे सांगायला आम्ही बसलेलो नाही. पण गेल्या पावसाळ्यात वस्तीत जे घडले, ते या पानावर लिहिणे भाग आहे.

एका आजींनी मैत्रिणीकडून हिरव्या पानावर पांढरे ठिपके असलेल्या झाडाचा तुकडा आणला. छान फुटला. नात दोन वर्षांची, दात येत होते, हाताला लागेल ते तोंडात. तिने देठ चावला. पाच मिनिटांत ओठ सुजले, लाळ थांबेना, रडायला तोंड उघडे पण आवाज घोगरा. आजी तिला घेऊन दवाखान्यात धावल्या. डॉक्टरांनी विचारले, "कोणते झाड?" आजी म्हणाल्या, "शोचं झाड आहे साहेब." जिने दिले तिला फोन केला. तिलाही नाव माहीत नव्हते. शेवटी शेजारचा मुलगा सायकलवर जाऊन पान तोडून घेऊन आला, तेव्हा उलगडा झाला. तोवर तासभर गेला होता. पोर दुसऱ्या दिवशी बरी झाली, पण तो तास आजी विसरलेल्या नाहीत.

ते झाड होते डिफेनबेकिया. हे काय करते ते समजायला आपल्याला पुस्तक नको, अळू पुरे. अळूच्या फतफत्यात चिंच किंवा आंबट चुका का घालतो? नाहीतर घसा खाजतो. अळूच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक खडे असतात, ते जिभेला आणि घशाला टोचतात. डिफेनबेकिया हे अळूच्याच कुळातले, पण त्याच्या सुया कितीतरी जास्त त्रास देतात. आणि गंमत अशी की आपण हौसेने वाटतो त्यातली निम्मी झाडे याच कुळातली निघतात: मनी प्लांट, अॅग्लोनेमा, सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन, मॉन्स्टेरा, पीस लिली, रंगीत पानांचे कॅलेडियम. मोठे माणूस एक घास चावून थुंकून टाकते. रांगते मूल तसे करत नाही.

असे झाले तर प्रथम बोटाला ओले फडके गुंडाळून मुलाच्या तोंडातले तुकडे काढा. चूळ भरता येत असेल तर भरायला लावा. गिळता येत असेल तर थंड पाणी किंवा थंड दूध घोट घोट द्या. उलटी काढू नका. मिठाचे पाणी पाजून, घशात बोट घालून उलटी काढायची सवय आपल्याकडे फार आहे. वर येताना तेच पुन्हा घसा सोलते, आणि उलटी श्वासनलिकेत गेली तर मूल गुदमरते. आवाज बसला, लाळ गिळता येईना, श्वासाला घरघर लागली तर घरचे सगळे उपाय सोडून १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने मोठे रुग्णालय गाठा. झाडाचे एक पान पिशवीत टाकून सोबत न्या. दिल्लीच्या एम्स रुग्णालयात विषबाधेची माहिती देणारे केंद्र आहे, त्याचा मोफत फोन १८०० ११६ ११७. आम्ही तो दाराच्या मागे खडूने लिहून ठेवला आहे.

डिफेनबेकियाने त्रास होतो, पण जीव सहसा जात नाही. कण्हेरीने जातो. लाल-गुलाबी कण्हेर आणि पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, दोन्हींच्या पानांत, फुलांत, बियांत हृदयावर काम करणारे विष असते. वाळल्यावरही ते राहते. बिट्टीच्या बियांनी मुली खेळतात, हे आपण सगळ्यांनी केले आहे. वॉर्डात असताना आम्ही बिट्टी खाल्लेल्या माणसाची नाडी हातात धरली आहे. ती मिनिटाला चाळीसवर आली होती आणि मधेच चुकत होती. अशा वेळी "बघू संध्याकाळपर्यंत" म्हणायचे नाही. मूल हसते-खेळते दिसले तरी लगेच न्यायचे, आणि ईसीजी निघतो अशाच ठिकाणी न्यायचे. आमचे मत स्पष्ट आहे: ज्या चाळीत लहान पोरे आहेत तिथे कण्हेरीची काडी कोणी कोणाला देऊ नये.

शेर, निवडुंग आणि ते काट्यांचे लाल फुलांचे युफोर्बिया यांचा चीक वेगळ्या प्रकारे घात करतो. फांदी मोडताना चीक बोटाला लागतो, मग त्याच बोटाने डोळा चोळला जातो. डोळ्यात आग पडते, बुबुळाला इजा होऊ शकते. नळाच्या किंवा तांब्याच्या वाहत्या धारेखाली पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवा, घड्याळ लावून धुवा, आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. आईचे दूध, मध, तूप यांतले काही घालू नका. कापताना हाताला प्लास्टिकची पिशवी बांधली तर ही वेळच येत नाही.

आता बाटलीकडे वळू. मनी प्लांटची फांदी पाण्यात लावायची आणि मुळे फुटली की बाटलीसकट शेजारणीला द्यायची, ही आपल्याकडची रीत. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, न हलणाऱ्या पाण्याच्या शोधात असतो. तो गटारात अंडी घालत नाही. बाटलीच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, मादी अंडी चिकटवते. पाणी ओतून दिले तरी अंडी काचेला राहतात, कोरडी राहून कित्येक महिने टिकतात, आणि पुन्हा पाणी भरले की फुटतात. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणजे तुम्ही वेलीबरोबर डासही देता, आणि घेणारीला पत्ता नसतो.

म्हणून आठवड्यातून एक दिवस ठरवून बाटली रिकामी करा आणि आतून ब्रशने किंवा वाळू घालून घासा. नुसती विसळून चालत नाही. कुंडीखालच्या ताटलीचेही तेच. मुळे दोन-तीन इंच झाली की वेल मातीत लावा. मातीत ती जास्त जोमाने वाढते, हे आम्ही अनुभवाने सांगतो. आणि देताना बाटली देऊ नका, मुळांना ओले फडके गुंडाळून द्या. फांदीला एक तरी गाठ हवी. नुसते पान पाण्यात महिनाभर हिरवे राहते, पण त्याची वेल होत नाही. घरात कोणाला ताप आलाच तर पॅरासिटामॉलशिवाय दुसरी तापाची किंवा अंगदुखीची गोळी मेडिकलमधून आणू नका. डेंग्यू असला तर अॅस्पिरिन, आयब्रुफेन यांनी रक्तस्राव वाढू शकतो. ताप उतरला आणि पोटात जोराने दुखू लागले, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आले, तर तो बरे होण्याचा दिवस नव्हे, धोक्याचा असतो.

यापेक्षाही एका गोष्टीची आम्हाला जास्त काळजी वाटते. फांदीबरोबर सांगणेही हस्तांतरित होते. "हे लाव, याने शुगर जाते." इन्सुलिनचे झाड म्हणून जे वस्तीभर पसरले आहे, ते कॉस्टस जातीचे. पेरासकट तुकडा सावलीत खोचला की महिन्याभरात फुटतो, म्हणून एका घरातून वीस घरांत जायला त्याला वेळ लागला नाही. आमच्या ओळखीच्या एक मावशी, पंचावन्न वर्षांच्या, धुणीभांडी करणाऱ्या. सकाळी दोन पाने चावायच्या. बरे वाटते म्हणून तीन महिने गोळ्या बंद केल्या. पायाला चप्पल लागून जखम झाली, ती भरेना. आमच्याकडे आल्या तेव्हा अंगठा काळा पडला होता. रुग्णालयात शुगर निघाली ४१२. अंगठा काढावा लागला. ज्या बाईने फांदी दिली होती ती रोज डबा घेऊन जायची आणि खाटेजवळ बसून रडायची. तिचा हेतू चांगलाच होता. तिला तिच्या नणंदेने जे सांगितले तेच तिने पुढे सांगितले.

त्या पानात इन्सुलिन नाही. असते तरी उपयोग नव्हता, कारण इन्सुलिन पोटात गेले की पचून जाते. म्हणून तर ते सुईने घ्यावे लागते. पान खायचेच असेल तर डॉक्टरांना सांगून खा, गोळ्या चालू ठेवा, आणि घाम फुटला, हातपाय थरथरले, चक्कर आली तर आधी साखर तोंडात टाका. हेच पानफुटीचे. मुतखड्यावर म्हणून तिची पाने खाल्ली जातात. त्या पानातही हृदयावर परिणाम करणारे घटक असतात, हृदयाच्या गोळ्या चालू असणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये. खड्याबरोबर ताप आणि थंडी असेल तर पान नव्हे, रुग्णालय. अडुळशाचा काढा आमच्या आईनेही दिला, आम्ही त्याला नावे ठेवणार नाही. पण खोकला दोन आठवड्यांवर गेला तर काढा पीत बसू नका, सरकारी दवाखान्यात थुंकी तपासा. तपासणी आणि टीबीची औषधे दोन्ही मोफत आहेत.

हवा शुद्ध करणाऱ्या झाडांबद्दलही विचारणा होते. ज्या प्रयोगांवरून हे पसरले ते बंद पेटीत केलेले होते. २०१९ साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा निघाले की हवा खेळती ठेवण्याइतके काम झाडांकडून घ्यायचे तर एका चौरस मीटरला किमान दहा झाडे लागतील. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत शंभराहून जास्त. मग झोपायचे कुठे? चुलीचा, उदबत्तीचा, मच्छर कॉइलचा धूर बाहेर काढायला खिडकी उघडा. आणि मनी प्लांट चोरून आणला तरच पैसा येतो, हे ज्या शेजारणीला वाटते तिला म्हणावे, मागून ने. चोरून नेलेल्या वेलीबरोबर ती बाटली कधी घासायची हे कोण सांगणार?

आमच्या विहारात आता चिठ्ठीची पद्धत सुरू केली आहे. जुन्या वहीच्या पानाचा तुकडा, वर झाडाचे नाव, खाली कोणाकडून आले, आणि एक ओळ: चीक आहे का, मुलांपासून दूर ठेवायचे का. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोरांकडून लिहून घ्यायचे. त्यांना हे काम फार आवडते. काही बायका म्हणाल्या, फांदीला कसले आलेय नाव-गाव? आम्ही त्यांना अनुराधपूर सांगितले. संघमित्ता थेरीने बोधगयेच्या बोधिवृक्षाची फांदी श्रीलंकेला नेली, हे महावंसात लिहिले आहे. बावीसशे वर्षे होऊन गेली, पण ती कोठून आली, कोणी आणली, हे तिथले मूलही सांगते. आपली मनी प्लांट तर पलीकडच्या गल्लीतून आलेली असते.

ज्याचे नाव कोणालाच माहीत नाही, ते झाड लहान मूल असलेल्या घरी द्यायचे नाही, असेही ठरले. नवी फांदी पंधरा दिवस बाकीच्यांपासून वेगळी ठेवायची. पानांच्या बगलेत कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर साबणाच्या पाण्याने पुसायचा. गावाकडून शेतातले औषध थंड पेयाच्या बाटलीत भरून आणायचे नाही; त्या बाटलीने काय होते ते वॉर्डात काम केलेल्या कोणत्याही नर्सला विचारा.

एकदा भांडणही झाले. पिवळ्या काठाच्या स्नेक प्लांटचे पान एकीने दिले, दुसरीकडे त्यातून नुसते हिरवे झाड आले. "मला साधं दिलंस!" म्हणून दोन रविवार अबोला. पानापासून लावले की तो पिवळा काठ जातो, टिकवायचा तर खालचा कंद फोडून द्यावा लागतो. आता त्याच्या चिठ्ठीवर तेही लिहितो.

त्या आजींनी डिफेनबेकिया फेकले नाही. पत्र्याखाली तारेने उंच टांगले आहे. डब्यावर नातवाच्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवली आहे: "डिफेनबेकिया. अळूचा भाऊ. तोंडात घालू नये." तीन जणींनी फांदी मागितली होती. एकीला दिली. दोघींना म्हणाल्या, "तुमची पोरं शाळेत जायला लागली की या."