शिवराई जमवणाऱ्या मुलाचं पुढे काय?

आठवडी बाजारातून शिवराया, आजोळच्या माळ्यावरून मोडी कागद आणि रद्दीतून जुनी पोस्टकार्डं उचलून आणणारं मूल घरात असलं, की दहावीनंतर पालकांचा प्रश्न ठरलेला असतो: ‘छंद ठीक आहे, पण यावर पोट भरेल का?’ प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तरही सरळ देतो. नुसतं जमवून फारसं कुणाचं भागत नाही. जमवलेलं ओळखता, वाचता आणि टिकवता येत असेल, तर मात्र त्यातून व्यवसाय उभा राहतो.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांपासून वाद्यांपर्यंत वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. दिनकर केळकर यांनी १९२०च्या सुमारास जमवायला सुरुवात केली, त्यातून हे उभं राहिलं. एवढा संग्रह झाला की प्रत्येक वस्तूची नोंद, तपासणी, मांडणी आणि डागडुजी करणारी माणसं लागतात. नोकऱ्या तिथे निर्माण होतात.

काम नेमकं काय?

शिवराई हातात आली की घरात पहिला सल्ला मिळतो तो चिंचेने घासण्याचा. नाणं लखलखतं खरं, पण तांब्यावर वर्षानुवर्षं धरलेला संरक्षक थर जातो आणि ‘श्री राजा शिव’ ही अक्षरं आणखी झिजतात. जाणकार आधी वजन, व्यास आणि दोन्ही बाजूंचे फोटो घेतो; स्वच्छतेचा विचार त्यानंतर.

फाटक्या मोडी कागदाचंही तसंच. घरी आपण चिकटपट्टी लावतो. काही वर्षांत तिचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो. संवर्धक मऊ ब्रशने धूळ झाडतो, शाई पाण्याने पसरते का हे एका ठिपक्यावर पाहतो आणि मग पातळ जपानी कागद गव्हाच्या खळीने जोडतो. उद्या गरज पडली तर ही खळी ओलाव्याने सोडवता येते. मूळ वस्तूला धक्का न लावता आपली दुरुस्ती काढून घेता यावी, हा या पेशातला पहिला धडा.

शिक्षण कुठे?

वस्तूंच्या दुरुस्तीकडे ओढा असेल, तर बारावीला रसायनशास्त्र असलेलं बरं. इतिहास आवडत असेल, तर कला शाखेतूनही संग्रहालयशास्त्र, पुरातत्त्व आणि पुराभिलेखांकडे जाता येतं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचा विभाग १९५२पासून आहे. नोएडाच्या भारतीय वारसा संस्थेत पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संग्रहालयशास्त्र आणि संवर्धनाचा पदविका अभ्यासक्रम चालतो. पुरातत्त्वासाठी पुण्याचं डेक्कन कॉलेज आणि नाण्यांसाठी नाशिकजवळच्या अंजनेरीची नाणकशास्त्र संस्था आहे. मोडी मात्र पदवीची वाट न पाहता शिकावी. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ तिचे वर्ग घेतं. दफ्तरखान्यांत मोडी कागदांचा डोंगर आहे आणि वाचणारे थोडे.

पैशांचं काय?

सरकारी जागा मोजक्या असतात आणि भरती रेंगाळते. सुरुवात बहुधा मुदतीच्या प्रकल्पावर, बेताच्या मानधनावर होते. इंजिनिअर झालेल्या भाच्याच्या पहिल्या पगाराशी तुलना केली, तर हिरमोड ठरलेला. हात बसला की खासगी संग्रह, बँका आणि उद्योगसमूहांचे अभिलेखागार, ग्रंथालयांचं डिजिटायझेशन, मोडी लिप्यंतर अशी कामं मिळू लागतात. घरची निकड मोठी असेल, तर दुसरी पदवी घेऊन ही कौशल्यं जोडीला शिकावीत. त्यात कमीपणा नाही.

कायदाही माहीत हवा. १९७२च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमानुसार शंभर वर्षांपूर्वीची नाणी, शिल्पं, चित्रं पुरावशेष ठरतात. महत्त्वाच्या हस्तलिखितांना ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. त्यांच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ते परदेशी पाठवता येत नाहीत. ऑनलाइन खरेदी-विक्रीचा मोह मुलांना आवरायला शिकवा.

आत्ता काय कराल?

या सुट्टीत मुलाला एक नोंदवही द्या. प्रत्येक वस्तूला क्रमांक, माप, वजन, फोटो, ती कुणाकडून कधी मिळाली आणि तिची आजची अवस्था. नवी वस्तू आणणं सगळ्यांनाच आवडतं. शंभरावी नोंदही पहिलीइतकीच नेटकी करणं कंटाळवाणं असतं, आणि या पेशातला बराचसा दिवस तसाच जातो. मुलाने न सांगता वही पूर्ण केली, तर त्याला खुशाल या वाटेला जाऊ द्या. अर्ध्यात सोडली, तर छंद म्हणून संग्रह राहू द्या आणि पदवी दुसरी निवडा.