योग म्हणजे जोडणे

योग हा शब्द संस्कृतमधील 'युज्' या धातूपासून झाला आहे. युज् म्हणजे जोडणे. बैलांच्या मानेवर जे 'जू' ठेवतात तो शब्दही त्याच धातूचा आहे, असे आमच्या बाईंनी सांगितले. एक बैल इकडे आणि दुसरा तिकडे ओढू लागला तर तास वाकडा जातो. शरीर आणि मन यांचेही तसेच आहे. दोघांना जोडणारा श्वास म्हणजे जू.

पतंजली ऋषींनी 'योगसूत्रे' या ग्रंथात योगाची आठ अंगे सांगितली आहेत. यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान व समाधी. आपल्याला वाटते आसने म्हणजेच योग. पण आसन तिसरे आहे. पहिल्या यमात खरे बोलणे व चोरी न करणे हेही येते.

२१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन २०१५ सालापासून साजरा होतो. शाळेत त्या दिवशी आम्ही वृक्षासन केले. एका पायावर उभे राहायचे. मी हसणाऱ्या मुलींकडे बघितलं की पडायची. मग झेंड्याच्या खांबाकडे नजर ठेवली, तर पाय हललाच नाही. मन एका जागी राहिलं की शरीरही राहतं.

घरी हे सांगितलं तर आई म्हणाली, "दिवसभर खुरपून खुरपून कंबरडं मोडतं माझं. मला कशाला गं आणखी व्यायाम ?" मला उत्तर येईना. दुसऱ्या दिवशी बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, "खुरपताना पाठ सारखी पुढे वाकलेली असते. भुजंगासनात ती मागे वळते. आणि कामात आपलं श्वासाकडे लक्ष नसतं, आसनात ते ठेवायचं."

रात्री जेवणाआधी आईने घोंगडीवर पालथे झोपून छाती हळूहळू वर उचलली. तीन वेळा केलं. मग शवासन. कंबर दुखायची राहिली असं नाही. पण आई दहा मिनिटं डोळे मिटून गप्प पडून राहिली. एरवी ती अशी कधी पडत नाही. मी चुलीपाशी बसून भाकरी राखली.

योगाचे फायदे :
१) अंग लवचिक होते.
२) तोल सांभाळता येतो.
३) सावकाश श्वास घेतल्याने मन शांत होते.
४) अभ्यासात लक्ष लागते.

आसने रिकाम्या पोटी करावीत. हिसका देऊ नये. शर्यत लावू नये. दुखणे असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे आणि औषध बंद करू नये.

मित्रमैत्रिणींनो, रोज थोडा वेळ योग करा. आणि भित्तीपत्रक वाचायला आलेल्या आईवडिलांनो, काम करणाऱ्यालाही योग लागतो. घरी गेल्यावर दहा मिनिटं तरी गप्प पडून बघा. तोवर भाकरीकडे आम्ही बघू.

इयत्ता ४ थी