ज्यूएल कौंटी : जमीन कसलेली, घरें ओस

अमेरिकेच्या कॅन्सस संस्थानांत, उत्तर सीमेस लागून, ज्यूएल नांवाची कौंटी आहे. आपल्याकडील तालुक्यासारखा हा मुलकी विभाग होय. क्षेत्र सुमारें ९१० चौरस मैल. सन १८६२ च्या कायद्यानें, पांच वर्षें राहून कसणाऱ्यास १६० एकरांपर्यंत सरकारी जमीन मिळे; त्या मापानें चौरस मैलांत चार बिऱ्हाडें. सन १९०० च्या खानेसुमारींत १९,४२० माणसें भरलीं, म्हणजे मैलास एकवीस. सन २०२० मध्यें २,९३२, मैलास जेमतेम तीन! जमीन पडीक पडली असें मात्र नव्हे. गहूं, मका, सोयाबीन आजही पिकतें. परंतु ट्रॅक्टर व कापणी-मळणीचें यंत्र आल्यावर एक कुटुंब अनेकांचें रान कसूं लागलें. शेजाऱ्याचें शेत विकत वा खंडानें घेतलें जातें; त्याचें घर कोण घेणार? गिऱ्हाईक घटलें तशीं दुकानें मिटलीं. मुलें घटलीं म्हणून सन २००६ मध्यें मॅन्काटो व व्हाइट रॉक हीं शाळामंडळें एक करावीं लागलीं. मॅन्काटो हें कौंटीचें मुख्य ठाणें, पण तेथेंही हजार वस्ती नाहीं. प्रस्तुत लेखकाचा जन्म वांटण्या व पोटहिस्से नोंदण्यांत गेला; तेथें असता तर तो खातीं जोडीत बसता.